स्ट्रक्चर देखणं, पण बाकीची पावडर कुठे गेली?

फॉस्फोनेट कोऑर्डिनेशन पॉलिमरवरचा पेपर उघडला की आपण सगळेच आधी स्ट्रक्चरचं रंगीत चित्र बघतो. माझं म्हणणं, आधी सिंथेसिसचा परिच्छेद वाचा. बऱ्याच पेपरांचं पितळ तिथेच उघडं पडतं.

कारण रसायनातच आहे. फॉस्फोनिक ॲसिडच्या टोकाला तीन ऑक्सिजन आणि निघू शकणारे दोन प्रोटॉन. किती निघाले हे पीएच ठरवतो, आणि त्यावरून ते टोक किती धातूंना धरणार हे बदलतं. पकड घट्ट असते. आपल्याकडे तणावर फवारतात ते ग्लायफोसेटही फॉस्फोनेटच; जमिनीतल्या लोखंड-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला ते याच टोकानं चिकटतं. बीकरमध्ये मात्र हीच पकड नडते. धातूचा क्षार टाकला की लगेच साका बसतो, क्रिस्टल वाढायला सवडच नाही. झिर्कोनियम फेनिलफॉस्फोनेट अल्बर्टींच्या गटानं १९७८ मध्ये छापलं; स्ट्रक्चर निघालं १९९३ मध्ये, तेही पावडरच्या डेटावरून.

म्हणून मग हायड्रोथर्मल. टेफ्लॉनचं भांडं, स्टीलचं कवच, दीडशे अंशांच्या आसपास दोन-तीन दिवस. उघडलं की आत थोडे क्रिस्टल, थोडी पावडर, कधी दोन रंगांची. त्यातला सगळ्यात छान क्रिस्टल सूक्ष्मदर्शकाखाली उचलून स्ट्रक्चर काढतात. अन् चुंबकीय मापन, टीजीए? ते सगळ्या ढिगाऱ्याचं! दोन्ही एकच पदार्थ आहे हे दाखवणारा पावडर पॅटर्न, क्रिस्टलवरून काढलेल्या पॅटर्नशेजारी ठेवलेला नसेल, तर पुढच्या निष्कर्षांना पाया काय?

रेसिपीही अर्धवट असते. सुरुवातीचा पीएच दिलेला, शेवटचा नाही. भांडं किती भरलं, थंड कसं केलं, गप्प. अचलपुरात एखाद्यानं ती करून बघायची म्हटली, तर मे महिन्यात मधेच लाइट गेली की ओव्हन आपोआप थंड. मग पेपरातला क्रिस्टल आला नाही तर दोष लाइटचा की रेसिपीचा, कसं कळणार? नमुना मोजायला मुंबई-पुण्याला पाठवायचा, आठवडे थांबायचं. ज्याच्याजवळ मशीन नाही, त्याला अर्धवट रेसिपी सगळ्यात महाग पडते.

मॅलुक यांच्या गटाचा १९८८ चा पेपर मला म्हणूनच आवडतो. एकाच सूत्राची मालिका, धातू बदलत नेलेले. काय बदललं आणि का, ते कळतं. फेनिलफॉस्फोनेटमध्ये मँगनीजभोवती सहा ऑक्सिजन, कॉपरभोवती पाच, हा फरक अशाच तुलनेतून अर्थपूर्ण होतो. नुसतं ‘नवीन स्ट्रक्चर’ म्हणून नाही.

आयआयटी मुंबईत मुरुगावेल यांच्या गटानं वेगळी वाट धरली. फॉस्फोनेटचे सख्खे भाऊ असलेल्या फॉस्फेट एस्टरवर भारदस्त कार्बनी गट ठेवायचा, म्हणजे झिंकची जोडणी घनासारख्या छोट्या पिंजऱ्यावरच थांबते. असा पिंजरा द्रावकात विरघळतो, त्यामुळे फॉस्फरस एनएमआरनं पूर्ण नमुना तपासता येतो. मला हा मुद्दा पिंजऱ्याच्या देखणेपणापेक्षा मोठा वाटतो. पण कॉपर किंवा कोबाल्ट घेतलं की ते पॅरामॅग्नेटिक, सिग्नल पसरतात नाहीतर हरवतात. तिथे पुन्हा पावडर पॅटर्नच मागायचा.