‘गायक अज्ञात’ : दृक्‌श्राव्य जतनाच्या शिक्षणाविषयी

एका संस्थेच्या ध्वनिसंग्रहाची यादी चाळताना काही वर्षांपूर्वी एक नोंद माझ्या वाचनात आली : ‘लोकसंगीत. भीमगीते. जयंतीचा कार्यक्रम, १९८७. गायक अज्ञात.’ नोंदीखाली आमच्या गावाचे नाव होते, म्हणून मी ती कॅसेट ऐकायला मागितली. ऐकू आली ती माझ्या चुलत्याची गायन पार्टी. तो ढोलकीवर होता. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गायकाने स्वतःचे नाव घेतले होते. चौथ्यातही घेतले होते. पाचव्यात आपले आणि आपल्या गुरूचे, अशी दोन्ही नावे घेतली होती. संस्थेने ज्याला अज्ञात ठरविले तो माणूस अर्ध्या तासात तीनदा आपली ओळख सांगत होता!

आपल्या शाहिरीत कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येते, हे वस्तीतल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) कितीतरी गाण्यांच्या अखेरीस ‘वामन’ उभा असतो. नोंद करणाऱ्या मुलीला हे ठाऊक नव्हते. ती हुशार होती, नम्र होती, तिने रीतसर पदविका घेतली होती. प्रत्येक कॅसेटची पहिली दोन मिनिटे ऐकून आवाजाची प्रत तपासायची आणि तक्ता भरायचा, असे तिला शिकविलेले होते. तिने ते चोख केले होते. दोष तिचा नाही. तिला जे शिकविले गेले आणि जे शिकविणे कोणाला सुचलेच नाही, त्याची चिकित्सा मला करावयाची आहे.

मी ह्या क्षेत्रातला तज्ज्ञ नव्हे. मराठी शिकविणारा माणूस आहे. परंतु ‘गायक अज्ञात’ हे दोन शब्द मला झोपू देईनात, म्हणून मिळेल ते वाचीत गेलो. वाचताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की ह्या विषयाचे शिक्षण जगातही फार उशिरा आले. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिन येथील चित्रपटसंग्रहांनी एकत्र येऊन ‘फियाफ’ हा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला तो १९३८ साली. त्याची पहिली उन्हाळी शाळा पूर्व बर्लिनमध्ये भरली १९७३ साली. ब्रिटनमध्ये नॉरिचच्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९० मध्ये आला, अमेरिकेत रॉचेस्टरची सेल्झनिक शाळा १९९६ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याच्याही नंतर. तोपर्यंत माणसे काम करीत करीत शिकत होती.

आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले. पी. के. नायर १९९१ पर्यंत तेथे होते. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आणि ‘कालिया मर्दन’चे जे काही आज आपल्याला पाहता येते, त्यामागे ह्या माणसाची वणवण आहे. त्यांना शिकायला ह्या देशात शाळा नव्हती. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि ज्या मूळ प्रती उरल्या होत्या त्यांतल्याही कितीतरी गेल्या. २०१५ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशनने आणि पुढे फियाफने मिळून मुंबई, पुणे अशा शहरांतून आठवडाभराचे प्रशिक्षणवर्ग घेतले. फिल्म तपासणे, सांधणे, धुणे, अंकरूपात आणणे, हे तेथे हाताने करून शिकवितात. हे मोलाचे काम आहे आणि ते झाले नसते तर आपण आजही आंधळे राहिलो असतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

ह्या विद्येचे तत्त्वज्ञान सांगणारे एक पुस्तक जगभर वाचले जाते. ऑस्ट्रेलियाचे रे एडमंडसन ह्यांनी ते लिहिले आणि युनेस्कोने प्रसिद्ध केले. पहिली आवृत्ती १९९८ ची, तिसरी २०१६ ची. त्यांचे मुख्य म्हणणे असे, की दृक्‌श्राव्य जतन हा ग्रंथपालाच्या किंवा संग्रहालयवाल्याच्या कामाचा एक कोपरा नव्हे. तो स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला स्वतःचा सिद्धान्त, स्वतःची नीती आणि स्वतःचे शिक्षण हवे. हे म्हणणे मला पटते. कागद वाचायला डोळे पुरतात. फीत ‘वाचायला’ यंत्र लागते, आणि ते यंत्र आता फारसे कोणी बनवीत नाही. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांचा आंतरराष्ट्रीय संघ ह्यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी इशारा दिला, तेव्हा २०२५ हे वर्ष धोक्याची सीमा म्हणून सांगितले होते. हा इशारा आपल्या किती वस्त्यांपर्यंत पोहोचला?

तथापि, ‘व्यवसाय’ हा शब्द आपल्या देशात उतरला की त्याचे काय होते, ते एडमंडसनना दिसण्याचे कारण नाही. जतनाचे काम अर्धे हाताचे आहे आणि अर्धे लेखणीचे. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की ती कुजू लागली, हे नाकाने ओळखायचे. फितीवरची बुरशी हाताने काढायची. कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर ऐकतानाही आपल्या यंत्राचे हेड तेवढेच तिरके करायचे, नाही तर आवाजातली धार जाते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका हे हेड प्रत्येक फितीसाठी नव्याने जुळवायला सांगतात. आमच्या तालुक्याच्या बाजारात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एक माणूस छोट्या पेचकसाने, कानाला आवाज लावून, हेच काम दिवसातून दहा वेळा करीत असे. त्याची शाळा सातवीत सुटली होती.

जातीने हात आणि लेखणी वेगळे केले, लेखणीला मान दिला आणि हाताला विटाळ. मग जतनाचे शिक्षण घेऊन जो बाहेर पडतो तो यादी करणारा, प्रकल्पाचा अहवाल लिहिणारा होतो. आणि रीळ उलटे गुंडाळणारा, डबे उचलणारा, धूळ खाणारा रोजंदारीवर राहतो. पहिला प्रशिक्षित, दुसरा ‘मदतनीस’. विद्या मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या बोटांत असते. वर्गाचे दार पदवी आणि इंग्रजी ह्या दोन कड्यांनी बंद केले, तर हा पेचकसवाला आत कधी येणार? मराठीतून ही विद्या शिकविणारे पाठ्यपुस्तक मी अजून पाहिलेले नाही.

प्रशिक्षण नसले की काय होते, हेही सांगतो. नाही तर मी अडाणीपणाची आरती करतो आहे असा कोणाचा समज व्हायचा. माझ्या घरी अशाच दोन कॅसेट होत्या. मी त्या एका दुकानात देऊन सीडीवर करून आणल्या. दुकानदाराने मोठ्या हौसेने ‘साफ’ करून दिल्या. त्याच्या संगणकाने गोंगाट काढला. फितीची खरखर गेली; तिच्याबरोबर लोकांचे ‘जयभीम’ गेले, मधेच रडणारे मूल गेले, हलगीची कडकड बोथट झाली. उरला एक गायक, जणू रिकाम्या खोलीत गाणारा. मूळ कॅसेट आता कशाला, म्हणून त्याने त्या टाकून दिल्या होत्या. जतनाची पहिलीच शिस्त अशी, की मूळ फितीवरून जसे आहे तसे उतरवून घ्यावे, त्यात काही सुधारू नये. साफसफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करावी. एवढे एक वाक्य त्या दुकानदाराला किंवा मला कोणी शिकविले असते तर ती जयंती वाचली असती. ‘गोंगाट’ कशाला म्हणायचे हा प्रश्न यंत्राचा आहे असे वाटते, पण तो तसा नाही. आमचा समुदाय गाण्याच्या भोवती नसतो, तो गाण्याच्या आत असतो.

आपली बाजूही निर्दोष नाही. दलित साहित्याने छापील शब्दावर जेवढा जीव टाकला तेवढा आवाजावर टाकला नाही. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलशांवरचे पुस्तक १९७८ मध्ये आले; जलसे आपण वाचतो, ऐकत नाही. बाबासाहेबांचा आवाज आज आपण ऐकतो तो पुष्कळसा बीबीसीने १९५० च्या दशकात घेतलेल्या मुलाखतींमुळे. ७ डिसेंबर १९५६ ची त्यांची अंत्ययात्रा आपण पडद्यावर पाहू शकतो, कारण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून ती चित्रित केली. कोणत्या संग्रहालयाने त्यांना पाठविले नव्हते. विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे : अवर सिटी’मध्ये गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहाजण मेले आणि त्यानंतर घोगऱ्यांनी गळफास घेतला. पुढे ‘जयभीम कॉम्रेड’मध्ये आपण त्यांना गाताना पाहिले ते दिग्दर्शकाने आपली जुनी रिळे सांभाळली म्हणून. तिघांच्याही बाबतीत वाचले ते कोणा एकाच्या जिवावर. हा योगायोग झाला, व्यवस्था नव्हे.

वेगळ्या पद्धतीचे एक उदाहरण पुण्याचेच आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइट्‌वाँ ह्यांनी खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या जमविल्या. एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून ‘परी’च्या वतीने त्या ध्वनिचित्रांसह लोकांपुढे येत आहेत. तेथे ओवीखाली गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांत आहेत, आणि त्या बाया अज्ञात नाहीत. एवढ्यावर मी ह्या कामापुढे नम्र होतो.

पण त्या नोंदींत आणखी एक रकाना आहे : जात. येथे मी अडखळलो. जात लिहिली नाही तर कोणाचा आवाज आहे हे पुसले जाते आणि सगळे ‘लोकसंगीत’ ह्या गोड डबक्यात पडते. लिहिली तर ज्या बाईने १९५६ नंतर ती टाकून दिली तिच्या नावापुढे ती पुन्हा चिकटते. ‘नवबौद्ध’ हा सरकारी शब्द तिने स्वतः कधी उच्चारला असेल काय? माझे मत असे, की रकाना असावा, परंतु तो बाईला विचारून, तिच्या शब्दांत भरावा आणि तिने कोरा ठेवायला सांगितला तर कोरा ठेवावा. हे मत चुकीचे असू शकेल. पण ह्यावर वाद घालणे हा जतनाच्या वर्गातला निदान दोन दिवसांचा पाठ असायला हवा. नीतीच्या तासाला कॉपीराइट शिकवितात, हा प्रश्न शिकवीत नाहीत.

अंकरूपाविषयी फार लिहीत नाही, कारण त्यातले नियम साधे आहेत आणि न पाळण्याची आपली सवय जुनी. एका हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवणे म्हणजे जतन नव्हे. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलची अंकमुद्रा काढून ती अधूनमधून ताडून पाहणे. काही वर्षांनी नव्या साधनावर हलविणे. यूट्यूबवर चढविले की काम झाले, असे आपल्या तरुण मित्रांना वाटते. तेथून गाणे एका तक्रारीने उतरते. बुद्धविहाराच्या कपाटात, दीक्षाभूमीवर विकत घेतलेल्या कॅसेटांच्या खोक्यात, कोणाच्या माळ्यावर जे पडले आहे ते मोठ्या संस्थांकडे जाणार नाही. जाऊ नये असेही मला कधीकधी वाटते. म्हणून वर्ग तेथे जायला हवा. तालुक्याच्या गावी, मराठीतून, दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना तीन महिने. पेचकसवाला शिकवील, शाहीरही शिकवील. नाममुद्रा कुठे येते, हलगी आणि दिमडी कानाने कशी वेगळी ओळखायची, सवाल-जवाबात कोण कोणाला डिवचतो आहे, हे फाइलच्या नावाइतकेच तांत्रिक ज्ञान आहे. आणि पहिला नियम असा असावा, की फीत पूर्ण ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही.

ह्याला वेळ लागेल, असे त्या संस्थेच्या अधिकाऱ्यांनी मला सांगितले. त्यांच्याकडे कॅसेटी फार, माणसे थोडी. त्यांचे खरे आहे. मी गायकाचे, त्याच्या गुरूचे, ढोलकीवाल्याचे आणि हलगीवाल्याचे नाव कागदावर लिहून दिले. मुलीने तो कागद यादीला टाचला. संगणकातल्या तक्त्यात ढोलकीवाल्यासाठी रकाना नव्हता, तेव्हा तिने ‘इतर माहिती’त माझ्या चुलत्याचे नाव घातले.

त्या कॅसेटची दुसरी बाजू मात्र ऐकायची राहिली आहे. त्या दिवशी यंत्राचा रबरी पट्टा तुटला. त्या मापाचा पट्टा आता मिळत नाही, असे ते म्हणाले. मी तालुक्याच्या त्या दुरुस्तीवाल्याला विचारले. त्याने दुकान बंद करूनही बरीच वर्षे झाली आहेत, पण पट्ट्यांचा एक डबा घरी असेल, शोधतो, असे तो म्हणाला आहे.