काळोख नसलेले लेणे

अजिंठ्याला शाळेची सहल घेऊन मी चार वेळा गेलो; आईला मात्र दर वेळी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहिलो. आता तिचे वय शहात्तर, आणि गुडघे पायऱ्यांचे नाव काढू देत नाहीत. म्हणून एका प्रदर्शनात डोळ्यांवर यंत्र चढवून अजिंठा दाखवतात असे कळताच तिला तिथे घेऊन गेलो.

या प्रकाराला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. दोन डोळ्यांपुढे किंचित वेगळी अशी दोन चित्रे धरायची. मेंदू ती जुळवतो आणि सपाट देखाव्याला खोली येते. व्हीटस्टोनने ही युक्ती १८३८ सालीच दाखवली होती. नवी आहे ती मान वळवण्याची मुभा : आपण वळलो की देखावाही वळतो. मात्र डोळे ‘चाललो’ म्हणतात आणि कानातला तोल ‘बसलो आहे’ म्हणतो. या भांडणात माझे डोके गरगरले.

आईचे तसे झाले नाही. देखावा पहिल्या लेण्याच्या दाराशी आला, तशी तिने खुर्चीत बसल्या बसल्या चपला काढून बाजूला सारल्या. ज्या कृतीपुढे माणूस आपण होऊन चपला काढतो, तिला खोटी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

नक्कल करणे हे पाप आहे, असेही मी मानत नाही. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे इथल्या चित्रांच्या नकला केल्या. बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. फ्रान्समधली लास्कोची गुहा प्रेक्षकांच्या श्वासांनीच बिघडू लागली, म्हणून १९६३ साली बंद झाली. १९८३ पासून लोक शेजारी उभारलेली प्रतिकृती पाहू लागले. शिवाय छतावरची जी फुले, फळे नि पशुपक्षी पोरांची रांग सांभाळताना मला कधी नीट दिसली नव्हती, ती या यंत्राने दाखवली. तेवढे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तक्रार वेगळीच आहे. खऱ्या लेण्यात शिरल्यावर आधी काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावतात, आणि मग हाती कमळ घेतलेला, मान कललेला पद्मपाणी हळूहळू भिंतीतून वर येतो. त्याची ती खाली झुकलेली दृष्टी या वाट पाहण्याचेच फळ आहे. यंत्रात मात्र सारे आधीच लखलखीत! जोडीला एक बाई अखंड बोलत असते, आणि तिचे वाक्य संपले की देखावा पुढे सरकतो. कादंबरी लिहिणाऱ्याला एवढे तरी कळायला हवे, की कुठे गप्प बसायचे. हे दाखवणाऱ्यांनी काळोख गाळला, मौनही गाळले; आणि खर्च तर सगळा प्रकाशावर केला.

यंत्र काढल्यावर आई म्हणाली, “अरे, त्या बाईला जरा थांब म्हणता येत नाही का? मला तिथे बसायचं होतं.”

एवढी नेमकी समीक्षा मला साधली नसती. अजिंठ्याच्या पायथ्याशी डोलीवाले असतात, हे मला पहिल्या सहलीपासून ठाऊक होते. तरी मी कधी चौकशी केली नाही. हा दोष यंत्राचा नव्हे. सोमवारी लेणी बंद असतात. म्हणून दिवाळीच्या सुटीतला मंगळवार ठरवला आहे. आईने आतापासूनच बजावले आहे, की तिथे मी काही समजावून सांगायचे नाही.