नई तालीम, आरोग्याचा तास आणि लहान मुले

पहिली-दुसरीच्या मुलांना स्वतःचे शरीर, भावना आणि माणसामाणसांतली नाती यांविषयी काय शिकवावे, हा प्रश्न निघाला की शिक्षकांच्या बैठकीत दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. ‘एवढ्या लहान मुलांना हे कशाला?’ हे एक आणि ‘हे तर आपण मूल्यशिक्षणात घेतोच’ हे दुसरे. ही उत्तरे तपासण्यासाठी आपण दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहू. त्यांतला एक वर्ध्यात जन्मलेला आहे, तर दुसरा दिल्लीहून आलेला.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आराखडा तयार केला. हस्तोद्योग हा त्याचा कणा होता. सामान्य विज्ञानात शरीरशास्त्र आणि आरोग्य हे विषय होते. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत आर्यनायकम आणि आशादेवी यांनी तो प्रत्यक्षात आणला. स्वयंपाकघर, शेत, सूतकताई आणि सफाई हेच तिथले वर्ग होते. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर सात वर्षांखालच्या मुलांचा, म्हणजे पूर्वबुनियादीचा, विचारही नई तालीमीत आला.

या शाळेत ‘नातेसंबंध’ नावाचा तास नव्हता, पण नाती शिकायला मिळत होती. सर्वांचा स्वयंपाक मिळून करायचा म्हटले की भाजी कमी पडली तर कोणाला किती वाढायचे, आजारी मुलाचे काम कोणी उचलायचे, कामचुकारपणा करणाऱ्याशी कसे बोलायचे, हे प्रश्न आपोआप पुढे येतात. संडास-सफाई सर्वांनीच करायची असल्याने जातीने ठरवलेल्या नात्यांनाही तिथे धक्का बसत होता. १९४४ पासून देवीप्रसाद तिथे कला शिकवत होते. ज्या मुलाला मनातले बोलता येत नाही, त्याला चित्राची वाट मिळत होती. मूल्यशिक्षणाच्या पाठातील ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ या वाक्यापेक्षा हे कितीतरी खोल जाणारे शिक्षण आहे, यात आम्हाला शंका वाटत नाही.

तरीही या परंपरेत एक मोठी उणीव आहे. तिथे शरीराचा विचार होतो तो स्वच्छता, श्रम आणि संयम यांच्या अंगाने. १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लैंगिक शिक्षणावर लिहिले. त्यांचा अशा शिक्षणाला सरसकट विरोध नव्हता, मात्र वासनेवर विजय हाच त्याचा हेतू असावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा विचार मोठ्या माणसाच्या मनाचा आहे. सहा वर्षांच्या मुलापुढे वासनेचा प्रश्नच नसतो. ‘माझ्या अंगाला कोणी हात लावावा हे कोण ठरवणार?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. कर्तव्याची भाषा मुलाला सेवा शिकवते. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणायला ती शिकवेलच असे नाही.

आता दुसरा अभ्यासक्रम पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम जाहीर केला. शाळेतील एक शिक्षक व एक शिक्षिका यांना प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी आठवड्याला एक तास घ्यायचा आणि अकरा विषय हाताळायचे, अशी ती योजना. भावनिक आरोग्य, परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर अशी विषयांची नावे आहेत. नई तालीमीकडे नसलेले शब्द इथे आहेत, आणि ही मोठी जमेची बाजू आहे. पण सुरुवात उच्च प्राथमिक वर्गांपासून ठेवली गेली. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त परावलंबी असते, त्या वयाची मुले बाहेरच राहिली. शिवाय जी गोष्ट सेवाग्रामच्या स्वयंपाकघरात दिवसभर चालत होती, ती आठवड्याच्या एका तासात कोंबली गेली.

हा वाद केवळ कागदी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. त्यानंतर राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि तक्रारपेटी यांबाबत आदेश दिले. पडताळणी हवीच. पण चार वर्षांचे मूल तक्रारपेटीत काय टाकणार? त्याला अजून लिहिता येत नाही. कित्येकदा त्या अवयवाचे नावही त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘एवढ्या लहान मुलांना हे कशाला?’ याचे उत्तर संशोधनातही मिळते. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने २४ अभ्यास आणि ५,८०२ मुले यांचा आढावा घेतला. शाळेत असे शिक्षण मिळालेल्या मुलांचे ज्ञान वाढले, स्वतःला जपण्याचे कौशल्य वाढले आणि त्यांची भीती वाढल्याचे दिसले नाही. अत्याचार प्रत्यक्ष कमी होतात का, हे मात्र त्या आढाव्यातून ठरत नाही. म्हणूनच मुलाला शिकवले की मोठ्यांची जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये.

आपल्याकडे प्रचलित झालेल्या ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या जोडीवरही आमचा आक्षेप आहे. फसवणारा माणूस बहुधा लाडानेच सुरुवात करतो. तो स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही, आणि नंतर ‘मीच वाईट’ असे मूल धरून बसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सँडी वर्टेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बालवाडीच्या मुलांवर दोन पद्धती तपासल्या. ‘कसे वाटते ते ओळखा’ यापेक्षा साधा नियम शिकवलेल्या मुलांना चुकीची मागणी अधिक अचूक ओळखता आली. नियम सोपा आहे: चड्डीखालच्या जागांना आंघोळ किंवा औषधपाणी सोडून कोणी हात लावायचा नाही, आणि त्याबाबत कोणाचेही गुपित ठेवायचे नाही. ‘कोणी’ या शब्दात काका, शेजारी आणि गुरुजीही येतात, हे स्पष्ट सांगायला हवे. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते.

मग करायचे काय? आमच्या मते दोन्ही अभ्यासक्रम एकमेकांना पूरक आहेत. परिसर अभ्यासात नाक, कान, गुडघा यांच्या ओळीतच उरलेल्या अवयवांची नावेही घ्यावीत. आधी मुलाच्या घरची बोली, मग प्रमाण शब्द. मध्यान्ह भोजनाची वाढप मुलांकडे द्यावी आणि झालेले भांडण त्यांनाच बोलून मिटवू द्यावे. खेळात कोणाला हात धरायचा नसेल, तर ते मान्य करावे. शिक्षकाने गालगुच्चा घेण्याआधी, पाठीवर थाप देण्याआधी विचारावे. नियम खरा आहे की नाही, हे मूल त्यावरूनच ठरवते.

आणि एखाद्या मुलाने काही सांगितलेच, तर उलटतपासणी करू नये. ऐकावे, ‘सांगितलेस ते बरे केलेस’ म्हणावे आणि पोलिसांना कळवावे. १०९८ हा क्रमांकही मदतीला आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हा गुन्हा ठरतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीच हे सांगितले गेले, तर पुढच्या अकरा विषयांना काही अर्थ राहील.