अजायबघर कसे वाचावे?

उर्दूत वस्तुसंग्रहालयाला 'अजायबघर' म्हणतात, म्हणजे नवलाच्या गोष्टींचे घर. मराठी शब्दात नवल नाही, फक्त संग्रह आहे. जगातील संस्कृती पाहायला जाणाऱ्याचे या दोहोंनी भागत नाही. वस्तूंमधले नाते कळले नाही तर नवल ओसरते आणि संग्रहाची माहिती परीक्षेपुरती उरते. आमच्या शाळांच्या सहली बहुधा अशाच परततात.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. ते १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. आत शिरण्याआधीच आदिलशाही भेटते, पण आपण मान वर करून पाहत नाही.

आत प्राचीन ॲसिरियातील निमरूदच्या राजवाड्याचे कोरीव दगडी पट्ट आहेत. १८४० च्या दशकात इराकमधील उत्खननात निघालेल्या अशा वस्तूंच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. उर्दू माध्यमाच्या मुलाला 'नमरूद' हे नाव हजरत इब्राहीम यांच्या किश्शातून ठाऊक असते. त्या शहराचे मूळ नाव कल्हू. नमरूदचे नाव त्याला फार पुढे चिकटले. एवढे सांगितले तरी घरात ऐकलेले नाव आणि समोरचा दगड यांची गाठ पडते.

२०१५ साली इस्लामचे नाव घेणाऱ्या 'इस्लामिक स्टेट'ने निमरूदचा तो प्राचीन राजवाडा स्फोटकांनी उडवला. त्या कृत्याचा निषेध आपण केला, पण 'बुतं काय पाहायची?' असे म्हणत मुलांना संग्रहालयापासून दूर ठेवणारी माणसे आपल्यातही आहेत. त्यांची तुलना मारेकऱ्यांशी करणे अन्यायाचे होईल. तरीही एक सवाल उरतोच. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी ताकीद कुरआनात वारंवार येते. पाहायचेच नाही, तर इब्रत घेणार कशी?

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. शालेय इतिहासाने संस्कृतींचे कप्पे केले: हे हिंदूंचे, हे मुसलमानांचे, हे परक्यांचे. याच संग्रहालयात अकबरकालीन 'अन्वार-ए-सुहैली'ची सचित्र पोथी आहे. तिला कोणत्या कप्प्यात घालणार? पंचतंत्राच्या गोष्टी सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या 'कलीला व दिम्ना' म्हणून अरबीत आणल्या. पंधराव्या शतकात हुसैन वाइज काशिफीने त्यांना फारसीत नवे रूप दिले आणि अकबराच्या चित्रकारांनी त्या पुन्हा हिंदुस्थानात रंगवल्या. एवढ्या प्रवासात त्या गोष्टी कोणालाच परक्या वाटल्या नाहीत.

२०१७-१८ मध्ये येथे भरलेल्या 'भारत आणि विश्व' या प्रदर्शनाने हीच वाट धरली होती. भारतातील आणि जगातील वस्तू नऊ कथांमध्ये शेजारी शेजारी मांडल्या होत्या. असे प्रदर्शन रोज भरत नाही. मात्र तशी नजर शिक्षक रोज देऊ शकतो. त्यासाठी निधी लागत नाही. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात कलीला आणि दिम्ना या दोन कोल्ह्यांची गोष्ट उर्दूत सांगावी, आणि ती मूळची कुठली हे मुलांनाच शोधू द्यावे.