३३ पैकी ३३, पण कोणातले?

पेटची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, पेपरचा निष्कर्ष आवडला की लगेच मेथड्स उघडायच्या. आजचा पेपर त्यासाठी चांगला आहे. मोबिन मास्टर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये तो प्लास्टिक सर्जरीच्या जर्नलमध्ये छापला. त्याचा निष्कर्ष एका रीलमधून पुसेगावात माझ्या मोबाइलवर आला, पेपर मी नंतर शोधला.

आधी थोडी पार्श्वभूमी. डोळ्याखालचा खळगा भरायला हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल सुईने टोचतात. मेयर आणि पामर यांनी १९३४ मध्ये हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला, तोही गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून. तो आपल्या शरीरातही असतो आणि एन्झाइमने मोडतो, म्हणून फिलर वर्षभरात विरघळेल असं सांगितलं जातं. पण डोळ्याखालची कातडी फार पातळ. जेल उथळ बसलं की गाठ हाताला लागते, प्रकाश विखुरून निळसर छटा दिसते (हाच टिंडल परिणाम, बारावीत वाचलेला). जेल पाणीही ओढतं, त्यामुळे सूज येते. काही गाठी तर महिन्यांनी, वर्षांनी उठतात.

मास्टर यांनी ३३ जणांचे एमआरआय पाहिले. अट एकच, आधीच्या किमान दोन वर्षांत चेहऱ्याच्या मधल्या भागात नवं फिलर घेतलेलं नको. ३३ पैकी ३३ जणांत फिलर दिसलं. २१ जणांत ते २ ते ५ वर्षांपूर्वीचं होतं, १२ जणांत ५ ते १५ वर्षांपूर्वीचं.

पेपरची ताकद इथेच आहे. ‘फिलर वर्षात जातंच’ हे विधान पाडायला एक उलट उदाहरण पुरतं, इथे ३३ आहेत. चार वर्षांनी गाठ घेऊन आलेल्या बाईला ‘ते फिलर कधीच गेलं, हे दुसरंच काही’ म्हणून परत पाठवणं आता अवघड व्हावं. त्यावर आणखी एक सुई मारणं तर फारच. कारण ते हायलुरॉनिक अ‍ॅसिड असेल तर हायलुरॉनिडेज टोचून विरघळवता येतं. सिलिकॉन किंवा कॅल्शियमचं फिलर त्याने विरघळत नाही.

पण रील म्हणतं ‘फिलर कधीच जात नाही’. हे पेपरमधून निघत नाही. टोचल्यानंतर लगेचचा एमआरआय नाही, म्हणजे किती होतं आणि किती उरलं हे कळायला मार्ग नाही. दहा टक्के उरलं तरी ‘आहे’ आणि नव्वद उरलं तरी ‘आहे’. शिवाय एमआरआयपर्यंत पोचलेली माणसं म्हणजे फिलर घेणाऱ्या सगळ्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हेत. समजा तशी निवडली असती, तरी ३३ पैकी शून्य अपवाद म्हणजे खऱ्या समूहात अपवाद साधारण ९ टक्क्यांपर्यंत असू शकतात. तीन भागिले ३३. हा हिशेब वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत विचारतात.

अंश आहे, छेद नाही, हे दुखणं या क्षेत्रात सगळीकडे आहे. बेलेझ्ने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरच्या साहित्यातून फिलरनंतर दृष्टीवर परिणाम झालेल्या ९८ केसेस गोळा केल्या. किती इंजेक्शनांपैकी ९८? ते कुठेच नोंदलेलं नसतं. म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्द दिसला की मी पेन्सिलीने अधोरेखित करते.

याचा अर्थ केस रिपोर्ट टाकाऊ असा नाही. १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवाल्याची केस छापून आली. टिपूच्या सैन्याने कापलेलं त्याचं नाक पुण्याजवळच्या एका वैदूने कपाळाच्या कातडीतून पुन्हा केलं होतं. एकच रुग्ण, छेद शून्य. ‘हे होऊ शकतं’ एवढंच त्यातून कळत होतं. कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया करून पाहिली, जमली.

मास्टरच्या पेपरला अजून असा कार्प्यू हवा आहे: टोचलं त्याच आठवड्यात पहिला एमआरआय, मग दर वर्षी एक, तोही गाठ नसलेल्यांचासुद्धा. खर्च कोण करणार, हा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये मात्र लिहावा लागेल.