आफ्रिकी तुडतुड्यातील रंगभेद : चित्र आणि नोंद

पूर्व आफ्रिकेतील 'इटिरिया' या फ्लॅटिडी कुलातील तुडतुड्याच्या एकाच जातीत हिरवे आणि गुलाबी असे दोन रंगांचे कीटक आढळतात. जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांच्या 'द ग्रेट रिफ्ट व्हॅली' (१८९६) या ग्रंथातील रंगीत चित्रात टोकाशी हिरवे व खाली गुलाबी कीटक बसून फुलोऱ्याचा आभास निर्माण करतात. रॉबर्ट आर्ड्रे यांनी 'आफ्रिकन जेनेसिस' (१९६१) मध्ये लुई लीकी यांच्यासमवेत पाहिलेला असाच फुलोरा वर्णिला आहे.

वर्णन मोहक आहे, यात शंका नाही. परंतु भेदाची नोंद म्हणून ते अपुरे ठरते. किती फांद्या पाहिल्या? कितींवर रंग सरमिसळ होते? नर कोणते, माद्या कोणत्या? चित्रात निवडलेली एक फांदी दिसते. वगळलेल्या फांद्या दिसत नाहीत. संग्रहालयातील नमुन्यांवरून ही उणीव भरून काढणेही कठीण, कारण वाळलेल्या कीटकाचा हिरवा रंग पुष्कळदा पिवळा पडतो. त्यामुळे जिवंतपणीचा रंग नमुन्याच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी लिहिला जाणे अगत्याचे ठरते. जातिनिश्चिती मात्र रंगावरून नव्हे, नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरूनच करावी लागते.