पाच फेऱ्यांतला विवेक

लिनक्सवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने एफएससीके हा फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्राम कधी ना कधी चालवलेला असतो. तो सावकाश वाचणारे मात्र थोडे. फाइल सिस्टिम बिघडली की रात्री-अपरात्री आज्ञा द्यायची, प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे आणि सर्व्हर उभा राहिला की विसरून जायचे, असा रिवाज पडला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून सर्व्हर सांभाळायला ठाणे-ऐरोलीकडे जाणाऱ्या आणि रात्री घरून ‘ऑन-कॉल’ असणाऱ्या मंडळींसमोर मला हा प्रोग्राम एक रचना म्हणून उलगडायचा आहे. कशावरच विश्वास ठेवता येत नाही अशा वेळी आधी काय तपासावे आणि नंतर काय, याचा इतका स्वच्छ क्रम मी फार थोड्या लेखनात पाहिला आहे.

एक्स्ट-टू ही लिनक्सची फाइल सिस्टिम रेमी कार्ड यांनी थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांच्या साथीने घडवली. ती १९९३ साली आली. तिची तपासणी करणारा ई-टू-एफएससीके हा त्सो यांचा; इथे एफएससीके म्हणतो तो हाच. २००१मध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, असलेली एक्स्ट-थ्री लिनक्सच्या मुख्य गाभ्यात (कर्नलमध्ये) दाखल झाली, २००८मध्ये एक्स्ट-फोर स्थिर म्हणून जाहीर झाली. तपासणीच्या पाच फेऱ्या मात्र त्याच राहिल्या.

या रचनेचा कस लागतो तो सामायिक डिस्कवर. समजा, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे दोन सर्व्हर आहेत, ‘वालधुनी’ आणि ‘उल्हास’. दोघांना जोडलेली डिस्क एकच. काम वालधुनी करतो. तो पडला तर उल्हासने सूत्रे घ्यायची. एके दिवशी दोघांमधली नेटवर्कची तार निकामी होते. वालधुनी जिवंतच आहे, पण उल्हासला त्याची चाहूल लागत नाही. उल्हास डिस्क माउंट करतो, जर्नलमध्ये असलेल्या पण मूळ जागी अजून न उतरलेल्या नोंदी पाहतो आणि त्या तिथे लिहितो. त्या नोंदी तर वालधुनीच्या चालू कामाच्या होत्या. आता दोन्ही सर्व्हर आपापल्या मेमरीतला नकाशा खरा मानून लिहीत सुटतात. जर्नल अचानक वीज गेल्यावर तारून नेते. एकाच वेळी लिहिणाऱ्या दोघांपुढे ते हतबल असते. काही वेळाने कर्नलला विसंगती सापडते आणि तशी सेटिंग असेल तर डिस्क केवळ वाचनापुरती उरते. एफएससीके इथे रंगमंचावर येतो.

पहिली फेरी सर्वांत दीर्घ आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. फाइलचे नाव, तिचा फोल्डर, तिचे नाते, काहीही विचारात न घेता प्रत्येक आयनोड, म्हणजे फाइलची डिस्कवरची मूळ नोंद, एकेकटा तपासला जातो. याचा प्रकार वैध आहे का? आकार आणि ब्लॉकची संख्या जुळते का? ज्या ब्लॉकवर तो हक्क सांगतो, ते डिस्कच्या हद्दीत आहेत का? डिस्कवर आधीच लिहिलेला ‘कोणते ब्लॉक वापरात’ हा नकाशा इथे प्रमाण धरला जात नाही. प्रोग्राम स्वतःचा नकाशा पहिल्यापासून बांधतो. सांगोवांगीवर न विसंबता स्वतः मोजायचे, ही या रचनेची पहिली भूमिका.

एकाच ब्लॉकवर दोन आयनोड हक्क सांगताना सापडले, तर या फेरीला तीन उपफेऱ्या फुटतात. दोन ठिकाणी माउंट झालेल्या डिस्कवर हेच हमखास दिसते. पहिल्या उपफेरीत दावेदार कोण कोण ते निश्चित होते. दुसरीत फोल्डरांमध्ये हिंडून त्यांची नावे शोधली जातात, म्हणजे माणसाला नुसता आकडा न दिसता ‘बीजके’ आणि ‘हजेरी’ अशा फाइली दिसाव्यात. तिसरीत निर्णय विचारला जातो : वादातल्या ब्लॉकची प्रत काढून प्रत्येकाला वेगळी द्यायची का? माणसाला प्रश्न करण्याआधी त्याला समजेल अशी माहिती गोळा करण्याची ही रीत मला अतिशय सभ्य वाटते.

दुसरी फेरी फोल्डरांतल्या नोंदींची. नाव ज्या आयनोडकडे बोट दाखवते तो पहिल्या फेरीत वैध ठरला होता का, हे इथे पाहायचे. त्यासाठी आयनोड पुन्हा वाचायला लागत नाहीत. तिसऱ्या फेरीत प्रत्येक फोल्डरापासून मुळापर्यंत वाट काढली जाते आणि वाट न सापडलेल्याला ‘लॉस्ट-फाउंड’मध्ये जागा मिळते. चौथ्या फेरीत प्रत्येक आयनोडला किती नावे आहेत ती मोजतात. एकही नाव नसलेला आयनोडही ‘लॉस्ट-फाउंड’मध्येच, फक्त आपला क्रमांक घेऊन जातो. पाचव्या फेरीत स्वतः बांधलेला नकाशा डिस्कवरच्या नकाशाशी ताडून पाहतात आणि चूक असेल तिथे डिस्कवरचा बदलतात. प्रत्येक फेरी आधीच्या फेऱ्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टींवरच उभी राहते. यातली एक फेरी जरी मागेपुढे केली, तरी सगळी इमारत कोसळेल.

या रचनेची मर्यादा तिच्या प्रामाणिकपणाइतकीच ठळक आहे. एफएससीके सुसंगती परत आणतो, सत्य नव्हे. ‘बीजके’ आणि ‘हजेरी’ यांना वेगळ्या प्रती मिळाल्या, पण दोन्ही प्रतींत मजकूर एकच. म्हणजे निदान एक फाइल आतून चुकीची आहे. ती कोणती, हे तो सांगत नाही, सांगितल्याचा आवही आणत नाही. त्याचा परतीचा अंक १ आला तर चुका दुरुस्त झाल्या, ४ आला तर काही राहून गेल्या. यापलीकडचा दावा नाही. मजकूर खरा की खोटा, हे बॅकअपशी ताडूनच कळते.

आता असे दुहेरी माउंट मुळातच अडवणाऱ्या, एक्स्ट-फोरमधल्या एका चिमुकल्या रचनेकडे वळतो. लस्टर या मोठ्या फाइल सिस्टिमच्या गरजेतून घडलेले बहु-माउंट संरक्षण, म्हणजे एमएमपी, २०११मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आले. डिस्कवरचा एक ब्लॉक त्यासाठी राखलेला असतो. डिस्क वापरणारा सर्व्हर त्यात ठरावीक काळाने, सहसा दर पाच सेकंदांनी, बदलता आकडा, वेळ आणि आपले नाव लिहितो. दुसरा माउंट करायला आला की तो आकडा वाचतो, थांबतो, पुन्हा वाचतो. आकडा बदलला असेल तर माघार घेतो. बदलला नसेल तर स्वतःचा आकडा लिहितो, पुन्हा थांबतो आणि तो आपलाच उरला आहे ना, हे पाहूनच आत शिरतो. एफएससीके चालू असतानाही त्या ब्लॉकमध्ये तशी खूण असते. सगळे सामर्थ्य थांबण्यात आहे.

तरी खरा पहारा क्लस्टरचाच, म्हणजे सर्व्हरांना एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा. पेसमेकर या क्लस्टर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘स्टोनिथ’ आहे : शेजारचा सर्व्हर गप्प झाला, तर आधी त्याची वीज तोडायची किंवा डिस्कवरचा त्याचा हक्क काढायचा, मगच डिस्क हाती घ्यायची. रेल्वेच्या टोकन-पद्धतीच्या एकेरी मार्गावर टोकन हाती आल्याशिवाय गाडी सुटत नाही, तोच हा नियम. वीज तुटल्याची खात्री होत नसेल तर क्लस्टर अडून बसतो आणि सेवा बंद राहते. पुष्कळांना हा दोष वाटतो, आणि चेतावणी नको म्हणून स्टोनिथच बंद केले जाते. मला तो या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. तासभर बंद पडलेली सेवा भरून निघते. दोघांनी मिळून खराब केलेला हिशेब भरून निघेलच असे नाही.

म्हणून ऑन-कॉल असणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे. अशी वेळ आली तर आधी दोन्हीकडचे लिहिणे थांबवा आणि डिस्क एकाच सर्व्हरला दिसते आहे याची खात्री करा. मग डिस्कची प्रत काढा. एफएससीके आधी फक्त वाचनाच्या पर्यायाने चालवा आणि तो काय सांगतो ते पूर्ण वाचा. दुरुस्ती त्यानंतर. आणि आज सगळे सुरळीत चालू असेल, तर स्टोनिथ चालू आहे का ते आजच पाहा.